आधी फायली, मग प्रोग्रॅम, शेवटी विंडोज : पुण्यातील एका घरगुती संगणकाच्या स्थलांतराचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ कोथरूडमधील एका जुन्या सहकारी गृहरचना संस्थेत राहतात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर संगणक हाच त्यांचा मुख्य छंद झाला. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून पुढेही तोच उल्लेख ठेवला आहे. या कामात मी सुरुवातीपासून त्यांच्यासोबत होतो, आणि जे निर्णय झाले त्यांतील बरेचसे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, चहा घेता घेता, बराच वाद होऊन झालेले आहेत.

काकांना नवे सॉफ्टवेअर टाकून पाहण्याची मनापासून आवड आहे. मॉडेल कॉलनीतील सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नुनिफाय' हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा भरत असे, तेव्हा ते तिथे जाऊन व्याख्याने ऐकत. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत, मुक्त प्रणालीच्या) सीडी त्या काळी मागणी केल्यास जगभर पोस्टाने मोफत येत. ती योजना २०११ मध्ये बंद झाली, पण काकांनी मागवलेली सीडी अजून त्यांच्या कपाटात आहे. त्या वेळी त्यांनी लिनक्स टाकून पाहिले होते आणि सोडूनही दिले होते, कारण त्यांचे मराठीचे काम त्यावर होत नव्हते. नवा ब्राउझर, नवा फोटो-संपादक किंवा नवी फाइल-व्यवस्था दिसली की ती टाकायची, काही आठवडे वापरायची, आवडली नाही तर काढायची, आणि संगणक अगदीच मंदावला की 'फॉरमॅट मारून' नव्याने सुरुवात करायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. या सवयीमुळे त्यांना सॉफ्टवेअरची जाण चांगली आली. मात्र प्रयोग आणि रोजचे काम दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच ठिकाणी चालत असे, आणि पुढे त्याचा विचार करावा लागला.

संगणक २०१४ मध्ये जुळवून घेतलेला होता : चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. मूळची विंडोज ७ पुढे मोफत अद्ययावत होऊन विंडोज १० झाली होती. त्यावर घराची तीन कामे चालत. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे सोसायटीचा दिवाळी अंक, जो काका नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून स्वतः टंकित करून, पाने लावून छापखान्यात देत आले आहेत. दुसरे, सह्याद्रीतील किल्ल्यांवर काढलेल्या छायाचित्रांचा संग्रह. तिसरे म्हणजे बँक, आयकर विवरणपत्र, परगावी असलेल्या मुलीशी व्हिडिओवर बोलणे आणि काकूंच्या भजनी मंडळाचा हिशोब.

अडचण

विंडोज १० साठी मिळणारी सुरक्षा-सुधारणांची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे काकांचे यंत्र उत्तम चालत असूनही त्या यादीत बसत नव्हते. त्यात २०२५ चे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. अंकाचे काम ऐन रंगात असतानाच ही तारीख येणार होती.

काकांनी जून महिन्यात हा प्रश्न माझ्यापुढे मांडला तो 'कोणते लिनक्स घ्यावे' अशा स्वरूपात. लिनक्स मिंट, झोरिन, उबुंटू, एमएक्स या लिनक्सच्या प्रकारांचे गुणदोष त्यांनी वहीत लिहून आणले होते. त्या तुलनेला अर्थ होता, पण पहिल्याच संध्याकाळी जुन्या अंकांचे फोल्डर उघडले तेव्हा खरी गाठ दुसरीकडेच असल्याचे दिसले.

अंकाचा सगळा मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारे युनिकोड हे मानक रुळण्याआधीच्या, मराठी फॉन्टमध्ये होता. ज्यांनी त्या काळात मराठी टंकलेखन केले नाही त्यांच्यासाठी हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, पण घरोघरच्या विंडोज ९५ किंवा ९८ मध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती विंडोज २००० पासून मिळू लागली. त्या मधल्या काळात मराठी छपाईचे जग फॉन्टवर चालले, आणि त्यात पुण्याचा वाटा फार मोठा होता : सी-डॅक या सरकारी संस्थेचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही टंकलेखनाची दोन्ही सॉफ्टवेअर इथलीच. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर 'दिवाळी' दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रावर नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्यात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाही.

काकांनी वापरलेले मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची छोटी चावी, लावल्याशिवाय चालत नसे. पाने पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये लावलेली होती, आणि पेजमेकरची ७.० ही अखेरची मुख्य आवृत्ती २००१ ची. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळाचे लेखन एका लॉकवर, एका फॉन्टवर आणि विकास थांबलेल्या एका प्रोग्रॅमवर टिकून होते. यांतील एकही गोष्ट हरवली तर, विंडोज कोणतीही असली तरी, अंक उघडणार नव्हते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची जाणीव हीच : ऑक्टोबरची तारीख केवळ निमित्त होती, धोका कितीतरी आधीपासून त्या फोल्डरमध्ये होता.

विचारात घेतलेले पर्याय

नवा संगणक घेणे हा सर्वांत सोपा पर्याय होता आणि मुलीचा आग्रहही त्याचाच होता. काकांनी तो नाकारला तो केवळ खर्चामुळे नव्हे. नव्या यंत्रावरही जुने टंकलेखन सॉफ्टवेअर चालेल याची खात्री नव्हती, आणि फायलींचा प्रश्न तसाच पुढे ढकलला गेला असता.

अटी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या काकांना ठाऊक होत्या. एकेकाळी त्यांनी ते उत्साहाने केलेही असते. अशा यंत्रांना सुधारणा मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत हा आधार पुरेसा नाही, यावर आमचे लगेच एकमत झाले.

विंडोज १० लाच वाढीव मुदत घेण्याचा तिसरा पर्याय होता. घरगुती वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा देणारी योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून संगणकाच्या सेटिंग्ज त्यात साठवायला परवानगी दिली तर त्यासाठी वेगळे पैसे पडत नव्हते. काका तोवर स्थानिक खातेच वापरत. आपली माहिती बाहेरच्या खात्याशी जोडणे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांची ही हरकत मला रास्त वाटली.

चौथा पर्याय म्हणजे ताबडतोब पूर्णपणे लिनक्सवर जाणे, आणि पाचवा म्हणजे दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवणे.

पहिला मोठा निर्णय या टप्प्यावर झाला : दिवाळी अंक छापून हाती येईपर्यंत संगणकाची प्रणाली बदलायची नाही. काकांना हे जड गेले, कारण मिंटचा पेन ड्राइव्ह तयार होता. पण तीसेक घरांचे लेखन, जाहिरातदारांना दिलेला शब्द आणि छापखान्याची तारीख या गोष्टी प्रयोगाच्या आड येऊ द्यायच्या नसतात, हे त्यांनी स्वतःच शेवटी मांडले. त्यासाठी वाढीव मुदतीची योजना घ्यायची आणि खात्यात केवळ आवश्यक तेवढीच माहिती जाऊ द्यायची, असा मध्यम मार्ग ठरला. ही सवलत त्यांनी मुक्काम म्हणून घेतली नाही, तर घाई टाळण्यासाठी घेतली, आणि हा फरक त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

दुसरा निर्णय क्रमाचा होता. प्रणाली बदलणे म्हणजे सगळेच एकदम बदलणे असे आपण धरून चालतो, पण लिब्रेऑफिस (लेखन व हिशोब), फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (ईमेल), गिंप (चित्र-संपादन), डिजीकॅम (छायाचित्र-संग्रह) आणि स्क्रायबस (पाने लावणे) हे लिनक्सवरचे सगळे प्रोग्रॅम विंडोजवरही चालतात. मग आधी विंडोजवरच राहून एकेक प्रोग्रॅम बदलायचा, हात बसवायचा, आणि ज्या दिवशी विंडोजमध्ये उघडायला तिचा स्वतःचा असा काहीच प्रोग्रॅम उरणार नाही त्या दिवशी खालची प्रणाली बदलायची. असे केल्याने एखादी गोष्ट अडली तर ती प्रोग्रॅममुळे अडली की लिनक्समुळे, हा गोंधळ उरत नाही.

प्रत्यक्ष कृती : फायली

सर्वांत आधी, कुठलेही रूपांतर करण्यापूर्वी, काकांनी फाइल हाती असलेला प्रत्येक जुना अंक पेजमेकरमधून पीडीएफ करून घेतला. फॉन्ट फाइलमध्ये गुंतवलेले असल्यामुळे पाने जशीच्या तशी दिसतात आणि कुठल्याही यंत्रावर उघडतात. अशा पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही, कारण आतला मजकूर जुन्याच संकेतांत असतो. पण निदान वाचता येईल असे काहीतरी कायमचे हाती राहिले. हे काम कंटाळवाणे होते आणि काकांना ते दुय्यम वाटत होते. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचे काम हेच, कारण यानंतर रूपांतरात काहीही बिघडले असते तरी अंक गमावला जाणार नव्हता.

त्यानंतर फायलींची वर्गवारी झाली. जे पुन्हा वापरले जाणार असे लेख, म्हणजे सोसायटीचा इतिहास, दिवंगत सभासदांवरचे लेख, मुलांच्या निवडक कविता, तेवढेच युनिकोडमध्ये आणायचे. जाहिराती, शुभेच्छा आणि वार्षिक अहवाल पीडीएफमध्येच ठेवायचे. काकांची इच्छा सगळेच रूपांतरित करण्याची होती. पण रूपांतरित मजकूर कोणीतरी ओळ न् ओळ वाचून तपासल्याशिवाय विश्वासाचा होत नाही, आणि वाचणारे दोघेच होते.

तपासणी का लागते, हे रूपांतराच्या कामात स्पष्ट दिसले. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात : पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला संपूर्ण जोडाक्षर ओळखून चिन्हे योग्य जागी हलवावी लागतात. 'स्थिती'सारख्या शब्दात किंवा 'मूर्तीच्या'सारख्या रूपात जरा चूक झाली की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. मोफत मिळणारी दोन रूपांतर-साधने काकांनी एकाच लेखावर चालवून निकाल शेजारी ठेवून पाहिले. कारखान्यातील तपासणीची त्यांची सवय इथे फार उपयोगी पडली. चुकांचे प्रकार लिहून काढल्यावर लक्षात आले की चुका विखुरलेल्या नव्हत्या, ठरावीक जोडाक्षरांवरच होत होत्या. त्यामुळे 'शोधा आणि बदला' वापरून त्या एकगठ्ठा दुरुस्त करता आल्या.

दुसरी अडचण इंग्रजी शब्दांची. जुन्या लेखांत कंपन्यांची नावे आणि पदव्या रोमन लिपीत होत्या. रूपांतर करणाऱ्या साधनाला साधा मजकूर दिला की कोणती रोमन अक्षरे खरी रोमन आणि कोणती मराठीची सोंगे, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. ते सगळ्यांचीच देवनागरी करून टाकते. फरक सांगणारी एकच गोष्ट फाइलमध्ये असते, ती म्हणजे त्या त्या मजकुराला लावलेल्या फॉन्टचे नाव. लिब्रेऑफिसमध्ये फॉन्टवरून शोध घेता येतो. काकांनी तसा शोध घेऊन इंग्रजी तुकडे आधी रंगवून ठेवले आणि ते वगळून रूपांतर केले.

तिसरी बाब सर्वांत सूक्ष्म, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी ती मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. 'ॲ'चीही तीच गोष्ट. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. त्याआधीचा मजकूर आणि जुनी साधने अ ला अर्धचंद्र जोडतात किंवा हिंदीतील ऍ वापरतात. पडद्यावर वाचणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही, पण संगणकाला हे वेगळे शब्द वाटतात. काकांनी 'ॲडव्होकेट' शोधले तेव्हा सोसायटीच्या पहिल्या सचिवांवरचा लेख सापडला नाही, आणि त्यामुळेच हा प्रकार उघडकीस आला. त्यानंतर एकच रूप ठरवून सर्व फायलींत ते एकसारखे केले.

काही सुरुवातीच्या अंकांच्या फायलीच नव्हत्या, त्या फ्लॉपीबरोबर गेल्या. त्यांच्या छापील प्रती स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षर-ओळख प्रोग्रॅमने वाचून घेतल्या. त्यात मराठीची सोय आहे. स्वच्छ छपाईच्या पानांवर निकाल समाधानकारक आला. पिवळ्या पडलेल्या, शाई फुटलेल्या पानांवर पुन्हा टंकित करणेच जलद ठरले.

प्रत्यक्ष कृती : हात आणि प्रोग्रॅम

काका तरुणपणी मराठी टाइपरायटर शिकलेले, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्येही त्यांनी कळांची तीच मांडणी ठेवली होती. टाइपरायटरसारखी मांडणी युनिकोडसाठीही मिळते, तेव्हा तीच पुढे चालू ठेवावी की इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी शिकावी, हा प्रश्न आम्ही बरेच दिवस चर्चिला. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर व काना-मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजने असतात, ती विंडोज आणि लिनक्स दोन्हींत पहिल्यापासून असते, आणि कोणाच्याही यंत्रावर बसले तरी सारखीच चालते. सत्तरीला टेकलेल्या माणसाने आयुष्यभराची बोटांची सवय मोडावी का, याबद्दल मला शंका होती. काकांनी शिकायचे ठरवले आणि पावसाळाभर रोज थोडा वेळ दिला. त्यांचा वेग अजून जुन्या वेगाइतका झालेला नाही, हे ते स्वतः सांगतात.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी लिहिताना नवख्या माणसाला एक गोष्ट हमखास अडवते. देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळे ठेवलेले असतात. भाषेच्या सेटिंग्जमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून तिथे मराठी आणि आपला देवनागरी फॉन्ट निवडला नाही, तर शैलीत आकार बदलूनही मराठी अक्षर तेवढेच राहते. हे समजेपर्यंत काकांनी तो प्रोग्रॅम नापसंत ठरवून काढून टाकला होता, आणि समजल्यावर परत घेतला.

काकूंच्या हिशोबावरून घरात खरा मतभेद झाला. काकांचे म्हणणे असे की मुक्त प्रोग्रॅम घेतला तर फाइलही त्याच्या मूळ मुक्त स्वरूपात जतन करावी. काकूंनी ती फाइल मंडळाच्या खजिनदार बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यांच्या मोबाइलवर ती उघडली नाही, आणि पुन्हा फोन आला. "अहो, मला हिशोब पाठवायचाय, त्यांना नवा प्रोग्रॅम टाकायला नाही लावायचा," असे काकू म्हणाल्या. लिब्रेऑफिसमध्ये नेहमीसाठी एक्सेलच्या स्वरूपात जतन करण्याची सोय आहे. काकूंच्या लॉगिनमध्ये ती लावली आणि वाद मिटला. मला काकूंचे म्हणणे पूर्णपणे पटते. ज्याचे काम इतरांशी देवाणघेवाणीचे आहे त्याने स्वरूप समोरच्याचे पाहून ठरवावे. स्वतःच्या दीर्घकालीन संग्रहासाठी मात्र मुक्त स्वरूपच ठेवावे.

छायाचित्रे पिकासा या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये लावलेली होती. गुगलने तो प्रोग्रॅम २०१६ मध्ये थांबवला, तरी काकांकडे तो चालत होता. पिकासा फोटोतील सुधारणा मूळ चित्रात न करता बाजूच्या एका लहान फाइलीत नोंदवतो. 'सेव्ह' केल्याशिवाय त्या चित्रात उतरत नाहीत. म्हणून डिजीकॅमकडे जाण्याआधी सर्व सुधारणा पिकासातूनच चित्रांत उतरवून घेतल्या. तोरणा, राजगड, हरिश्चंद्रगड यांच्या ओळी फोटोंतच लिहिलेल्या असल्यामुळे त्या विनासायास आल्या. चेहऱ्यांची नावे मात्र पुन्हा द्यावी लागत आहेत.

प्रत्यक्ष कृती : प्रणाली बदलताना

अंक वेळेवर छापून वाटला गेला, आणि त्यानंतर नोव्हेंबरमध्ये संगणकाला हात लावला. इथे एक निर्णय विशेष नोंदवण्यासारखा आहे. जुन्या हार्ड डिस्कचे भाग पाडून त्यावरच लिनक्स बसवण्याऐवजी ५०० जीबीची नवी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घेतली आणि बसवताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. त्यामुळे विंडोजला धक्का लागण्याची शक्यताच उरली नाही, आणि दोन्हींपैकी काय सुरू करायचे ते संगणक चालू करताना निवडता येऊ लागले. एसएसडीमुळे जुने यंत्र इतके चपळ झाले की काकूंनी नवा संगणक आणल्याची चौकशी केली.

बसवली ती लिनक्स मिंट २२, उबुंटू २४.०४ वर आधारलेली आणि २०२९ पर्यंत सुधारणा मिळणारी. त्याआधी पेन ड्राइव्हवरूनच ती चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, स्कॅनर आणि प्रिंटर तपासले होते. प्रिंटर चालला नाही. त्याच्या निर्मात्याकडून लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतो, पण तो वेगळा उतरवून बसवावा लागतो, हे आधीच कळल्यामुळे त्या दिवशी धावपळ झाली नाही.

दोन किरकोळ गोष्टींनी मात्र काकांना चक्रावून टाकले. लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसे. लिनक्स संगणकाच्या आतील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, हे त्याचे कारण. लिनक्सला एक सूचना देऊन ते सुटते. दुसरे, जुन्या डिस्कवरील फायली वाचता येत पण बदलता येत नसत. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असले की ती पूर्णपणे बंद होत नाही आणि डिस्क अर्धवट उघडी राहते, म्हणून लिनक्स तिच्यावर लिहिण्याचे टाळते. ती सोय बंद केल्यावर अडचण संपली.

प्रयोगांसाठी काकांना आता व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम, दिला आहे. नवी प्रणाली किंवा अनोळखी प्रोग्रॅम आधी तिथे चालवायचा, आणि मुख्य यंत्रावर काही टाकण्यापूर्वी टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने प्रणालीची, बिघडल्यास मागे परतता येईल अशी, नोंद घ्यायची. छंदाला आडकाठी आली नाही, त्याला स्वतंत्र जागा मिळाली, आणि माझ्या दृष्टीने हा बदल लिनक्सपेक्षाही अधिक टिकणारा आहे.

निष्पत्ती

२०२६ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास आम्ही आढावा घेतला. बँक, आयकर, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ-संभाषण मिंटवर विनातक्रार चालते. काकू कोणती प्रणाली आहे याची दखलही घेत नाहीत. निवडलेले लेख युनिकोडमध्ये आले आहेत आणि त्यांतील बहुतेक तपासून झाले आहेत. सर्वांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक मुलीकडे आहे. जुनी डिस्क यंत्रातच आहे, विंडोज तिच्यावर जिवंत आहे, पण आता ती केवळ हार्डवेअर लॉक आणि पेजमेकर यांच्यासाठी, इंटरनेट न जोडता उघडली जाते.

पाने लावण्याचे काम अजून पूर्ण स्थिरावलेले नाही. स्क्रायबसच्या २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे त्यात नीट जुळतात, आणि पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोयही त्यात आहे. मजकूर अर्थातच जुन्या संकेतांत येतो, चौकटी आणि चित्रे काही प्रमाणात जागेवर राहतात. एका जुन्या अंकाची पाने काकांनी त्यात नव्याने लावून पाहिली. काम झाले, पण पेजमेकरमध्ये जे हात न पाहता करत होते ते शोधून करावे लागले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी छापखान्याला विचारायला हवे होते. नारायण पेठेतील त्या छापखान्याला पेजमेकरची फाइल आणि ठरावीक फॉन्टच लागतो, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ऑगस्टमध्ये काका प्रत्यक्ष गेले तेव्हा कळले की तिथे आता बहुतेक काम पीडीएफवरच होते आणि युनिकोड फॉन्टला काहीच हरकत नाही. हे जूनमध्ये समजले असते तर जुने सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालवण्याच्या खटपटीत गेलेला वेळ वाचला असता, आणि कदाचित २०२५ चा अंकही थेट युनिकोडमध्ये टंकित झाला असता. तसे न झाल्यामुळे जुन्या संकेतांतील फायलींमध्ये आणखी एका वर्षाची भर पडली.

लेखकांकडून मजकूर कसा येतो, याकडेही उशिरा लक्ष गेले. सोसायटीतील बरेच जण आता मोबाइलवर मराठी लिहितात, म्हणजे त्यांचा मजकूर मुळातच युनिकोडमध्ये असतो. काका तो छापून घेऊन जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टंकित करत होते. स्थलांतराचा विचार यंत्रापासून न करता मजकुराच्या वाटेवरून केला असता, म्हणजे तो कुठून येतो, कोणाच्या हातून जातो आणि कुठे पोहोचतो हे आधी लिहून काढले असते, तर हे दुहेरी काम पहिल्याच दिवशी दिसले असते.

इन्स्क्रिप्टच्या निर्णयाबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. काकांनी ती चिकाटीने शिकली याचे मला मनापासून कौतुक आहे. तरीही त्यांच्या वयाच्या दुसऱ्या कोणाला मी आधी टाइपरायटरची मांडणी ठेवूनच युनिकोड लिहायला सांगेन, कारण एकाच वेळी बोटांची सवय आणि प्रोग्रॅम दोन्ही बदलल्यास माणूस मध्येच थांबण्याची शक्यता वाढते.

२०२६ च्या अंकासाठी काकांनी संपादक मंडळापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत : लेख फक्त युनिकोडमध्ये स्वीकारायचे, पाने स्क्रायबसमध्ये लावायची, आणि अंक छापून झाला की मजकुराची साधी फाइल, पीडीएफ आणि वापरलेले मुक्त फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये सचिवांकडे सोपवायचे. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला मंडळाने मान्यता दिली आहे. स्क्रायबसबद्दलचा निर्णय गणपतीपूर्वी एक सोळा पानी नमुना छापखान्यातून काढून पाहिल्यावर घेतला जाईल, आणि तो नमुना पसंत पडला नाही तर जुनी डिस्क आणखी एका दिवाळीपुरती वापरात राहील.